जुन्या डेस्कटॉपसाठी हलका ब्राउझर कोणता? (बाबांचा पीसी, २ जीबी रॅम)

कुडाळची_लेक
नमस्कार मंडळी. मी पुण्यात असते, आईबाबा कुडाळला. बाबांचं वय ७४. त्यांच्याकडे २०१० साली असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आहे. पेंटियम ड्युअल कोर ई५४००, जी३१ चिपसेटचा बोर्ड, २ जीबी डीडीआर२ रॅम, ३२० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज ७, ३२ बिट. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना मोबाइलवर वाचवत नाही, त्यामुळे तो १९ इंची मॉनिटर हाच आधार. सकाळी दोन पेपर, अधूनमधून महाभूलेखवर सातबारा, वीजबिल, आणि संध्याकाळी यूट्यूबवर नाट्यगीतं नाहीतर दशावतार.

दिवाळीला गेले तेव्हा शेजारी बसून नीट पाहिलं. क्रोम उघडायला ५५ सेकंद लागले, मोजले मी. पेपरचं पान उघडलं की कॅबिनेटवरचा लाल दिवा पेटतो तो विझतच नाही, माउसचा बाण अडखळत चालतो, आणि बाबा हात मांडीवर ठेवून शांतपणे वाट बघतात. मी चिडले की मलाच म्हणतात, "उघडतला गो, तेका वायच येळ दी." त्या माणसाला दिवसातला अर्धा तास असा वाट बघण्यात घालवावा लागतोय याचं मला फार वाईट वाटतं.

क्रोम १०९ आहे आणि वर 'पुढचे अपडेट हवे असतील तर विंडोज १० लागेल' अशी पट्टी येते. नवा पीसी घेऊन देते म्हटलं तर ऐकत नाहीत. हलका, साधा, मराठी नीट दाखवणारा ब्राउझर सुचवा. मी प्रोग्रामर नाही, पण सांगितलेलं नीट करू शकते.

खटपट्या
ताई, के-मेलिऑन टाकून बघा. २००० सालापासूनचा आहे, फक्त विंडोजसाठी. त्याच्या खिडक्या, मेनू सगळं विंडोजचंच वापरतो, म्हणून जुन्या मशीनवर चटकन उघडतो. दुसरा पर्याय पेल मून. फायरफॉक्सच्या जुन्या घडणीतून निघालेला, २००९ पासून चालू आहे. मी एका जुन्या पेंटियमवर दोन्ही वापरलेत. ऑपेरा १२ गेल्यावर मला जे हवं होतं ते इथेच मिळालं. तेव्हा ऑपेराचं स्वतःचं प्रेस्टो इंजिन होतं आणि ५१२ एमबी रॅमवरही ते पळायचं. २०१३ मध्ये ते सोडून त्यांनी क्रोमियमची वाट धरली.

मोरपंखी
वाचतेय. माझ्या सासूबाईंच्या पीसीचीही हीच गत आहे.

सुतारपक्षी
खटपट्या, दोन्ही ब्राउझर मलाही आवडतात, पण इथे ते पुरे पडणार नाहीत. कारण जरा सविस्तर सांगतो, कारण 'हलका ब्राउझर' या शब्दातच गोंधळ आहे.

ब्राउझरचे दोन भाग धरा. एक बाहेरची चौकट, म्हणजे बटणं, टॅब, पत्त्याची पट्टी. दुसरं आतलं इंजिन, जे पान वाचतं, मांडतं आणि त्यातला जावास्क्रिप्ट, म्हणजे पान हलतंबोलतं ठेवणारा कोड, चालवतं. चौकट हलकी करता येते, पण रॅम खातं ते इंजिन आणि त्यात उघडलेली पानं. आज रोजच्या वापरातली मोठी इंजिनं तीनच: क्रोम-एज-ब्रेव्हमधलं ब्लिंक, फायरफॉक्समधलं गेको आणि ॲपलच्या सफारीमधलं वेबकिट. 'लाइटवेट' म्हणून शोधलं की फाल्कन सापडतो (पूर्वीचा कपझिला, आता केडीई या सॉफ्टवेअर बनवणाऱ्या गटाकडे आहे). सुटसुटीत आहे, पण आत ब्लिंकच. पेपरचं तेच पान तिथे उघडलंत तर तेच इंजिन तेच काम करणार.

के-मेलिऑनच्या अलीकडच्या आवृत्त्या आणि पेल मून यांत गोआना नावाचं इंजिन आहे. ते गेकोपासून वेगळं झालं आणि मोजक्या लोकांच्या बळावर चालतं. त्यांच्या चिकाटीबद्दल आदर आहे. पण बँका, बिल भरण्याची पानं, सरकारी अर्ज हे सगळं क्रोम आणि फायरफॉक्सवर तपासून सोडलेलं असतं. पैसे भरताना मधेच पान पांढरं झालं तर ७४ वर्षांच्या माणसाने काय करायचं?

आता रॅम इतकी का लागते. क्रोम २००८ मध्ये आला तेव्हापासून तो टॅबची कामं वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये वाटतो, म्हणजे एक टॅब कोसळला तर बाकीचे उभे राहतात. २०१८ च्या जानेवारीत मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले दोष जाहीर झाले. एका साइटचा कोड दुसऱ्या साइटची मेमरी चोरून वाचू शकतो अशी भीती निर्माण झाली. म्हणून क्रोम ६७ पासून डेस्कटॉपवर प्रत्येक साइटला स्वतंत्र प्रोसेस द्यायला सुरुवात झाली. त्यासाठी साधारण १० ते १३ टक्के जादा मेमरी लागते, असं गूगलनेच तेव्हा सांगितलं होतं. फायरफॉक्सनेही २०२१ मध्ये हेच केलं. म्हणजे हा आळस नाही, बाबांच्या बँकेच्या टॅबभोवती घातलेली भिंत आहे ती.

आणि पेपरचं पान: बातमी चारशे शब्दांची, पण भोवती डझनभर ठिकाणांहून जाहिराती, आपोआप सुरू होणारा व्हिडिओ आणि मागोवा घेणाऱ्या स्क्रिप्ट. यातली प्रत्येक गोष्ट त्याच दोन कोअरवर चालते. ब्राउझर बदलण्याआधी हे ओझं उतरवा.

कुडाळची_लेक
पहिल्यांदाच कुणी मला हे समजेल असं सांगितलं. मग नेमकं काय करू?

सुतारपक्षी
पहिली पायरी, विंडोज ७ आहे तोवर: फायरफॉक्स ११५ ईएसआर, म्हणजे जास्त काळ दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती. जुलै २०२३ ची आवृत्ती आहे, पण विंडोज ७ आणि ८ साठी मोझिलाने तिच्या सुरक्षा दुरुस्त्यांची मुदत अनेकदा वाढवली. क्रोमने मात्र जानेवारी २०२३ च्या १०९ नंतर विंडोज ७ सोडूनच दिलं. तेव्हा १०९ वर बसून राहू नका.

त्यात यूब्लॉक ओरिजिन हे ॲड-ऑन घाला. नाव नीट बघून घ्या, मिळत्याजुळत्या नावाची बरीच आहेत. त्याच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी चालू करा. एक म्हणजे ठरावीक केबीपेक्षा मोठी चित्रं आणि व्हिडिओ अडवणं. दुसरी, जिच्याकडे कुणी लक्ष देत नाही, ती म्हणजे बाहेरून येणारे फॉन्ट अडवणं. इंग्रजीचा फॉन्ट थोडक्यात आटोपतो. देवनागरीत जोडाक्षरांचे शेकडो आकार भरावे लागतात, म्हणून आपल्या पेपरांच्या साइटचे फॉन्ट वजनदार असतात, आणि जाड-बारीक मिळून तीनचार उतरतात. ते अडवलेत की अक्षरं विंडोजच्या मंगलमध्ये दिसतील. काही बटणांवरची चिन्हं जाऊन चौकोन दिसतील, तेवढं बाबांना सांगून ठेवा.

यूट्यूबसाठी एच२६४-इफाय नावाचं छोटं ॲड-ऑन आहे. यूट्यूब सहसा व्हीपी९ नाहीतर एव्ही१ पद्धतीने दाबलेला व्हिडिओ पाठवतं. तो उलगडायला या जुन्या बोर्डावरच्या ग्राफिक्समध्ये सोय नाही, सगळा भार प्रोसेसरवर पडतो. हे ॲड-ऑन यूट्यूबकडून एच२६४ मागून घेतं, ते उलगडणं तुलनेने सोपं. ४८०पी ठेवा. दशावताराच्या रेकॉर्डिंगला तेवढं पुरतं.

ओसरी
मी बँकेत काम करते म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगते. ब्राउझर नवा असला तरी खालची विंडोज ७ जुनीच राहते. मायक्रोसॉफ्टने तिचा पाठिंबा १४ जानेवारी २०२० ला थांबवला. त्या मशीनवर पेपर वाचा, गाणी ऐका, पण पैशाचे व्यवहार करू नका. वीजबिलासाठी मोबाइल वापरा, आईंना किंवा शेजाऱ्यांना सोबत घेऊन. ज्येष्ठांचे पैसे गेल्यावर ती माणसं आमच्या काउंटरसमोर येऊन उभी राहतात, ते मी पाहिलंय. लवकर त्या धक्क्यातून बाहेर येत नाहीत.

खटपट्या
ओसरीताईंशी सहमत. पैशाचं मी धरलंच नव्हतं, के-मेलिऑन मागे घेतो. फक्त वाचायला एखादी गोष्ट हवी असेल तर डिलो ब्राउझर? १९९९ पासूनचा प्रकल्प, मधे बंद पडल्यासारखा होता, २०२४ मध्ये ३.१ आवृत्ती आली. इतका छोटा की डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडतो.

सुतारपक्षी
डिलो मीही माझ्या मशीनवर ठेवलाय, पण त्यात जावास्क्रिप्ट मुळीच चालत नाही. शिवाय देवनागरी नीट जुळत नाही: पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाते, जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. मराठी वाचणाऱ्या माणसाला तो देता येणार नाही. हलकेपणाच्या कुठल्याही यादीत ही कसोटी नसते, आपण मात्र ती आधी लावायला हवी. ब्राउझर टाकला की 'कर्तृत्व', 'दुष्टचक्र', 'चिठ्ठी', 'तऱ्हा' हे चार शब्द उघडून बघायचे.

कुडाळची_लेक
गेल्या शनिवारी जाऊन आले. फायरफॉक्स ११५ आणि दोन्ही ॲड-ऑन टाकली. मुदत संपलेला एक अँटिव्हायरस मागे चालूच होता, तो काढला. पेपरचं पान पूर्वी ४० सेकंदांनी हलायचं, आता १५ मध्ये वाचता येतं. नाट्यगीत न अडखळता वाजलं. बाबा पूर्ण पद ऐकेपर्यंत काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "आत्ता तबलो बरोबर ऐकाक येता."

पण रविवारी सकाळी पीसी चालू केला तर प्रत्येक साइटवर 'कनेक्शन सुरक्षित नाही' असा इशारा. रात्री वीज गेली होती. माझं काही चुकलं का? बाबा म्हणतात असं त्यांच्याकडे पावसाळ्यात नेहमी होतं, मग ते दुपारपर्यंत वाट बघतात.

सोल्डरगन
ताई, तारीख बघा, खाली उजवीकडे. २००९ किंवा २०१० दाखवत असणार.

कुडाळची_लेक
१ जानेवारी २००९!! तुम्हाला कसं कळलं?

सोल्डरगन
कोल्हापुरात दुरुस्तीचं दुकान आहे, आठवड्याला दोन असे पीसी येतात. मदरबोर्डवर नाण्याएवढा गोल सेल असतो, सीआर२०३२. पीसीची वीज बंद असताना घड्याळ तोच चालवतो. पाचसात वर्षांत तो संपतो. मग बटण काढलं, वीज गेली, की पीसी जन्मतारखेला परत. प्रत्येक साइटच्या प्रमाणपत्रावर 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं. तुमच्या पीसीच्या हिशेबाने आज २००९, म्हणजे सगळी प्रमाणपत्रं अजून सुरूच झालेली नाहीत. ब्राउझर बिचारा बरोबर बोलतोय. दुपारी ठीक होतं ते तारीख परत जुळते म्हणून.

सेल घड्याळजीकडेही मिळतो. पीसीची पिन काढा, जुना सेल नखाने क्लिप दाबून सोडवा, नवा बसवताना '+' वर. मग चालू करून तारीख लावा.

कॅबिनेट उघडणारच आहात तर आणखी दोन गोष्टी. प्रोसेसरवरच्या पंख्याखालची धूळ रंगाऱ्याच्या कोरड्या ब्रशने झाडा आणि शक्य असेल तर थर्मल पेस्ट नवी लावून घ्या. १५ वर्षांत ती खडूसारखी होते, प्रोसेसर तापतो आणि स्वतःला मंद करतो. लोक ब्राउझरला दोष देत बसतात.

दुसरं, रॅम. जी३१ बोर्डाला दोन खाचा आणि जास्तीत जास्त ४ जीबी. सध्या १-१ जीबीच्या दोन स्टिक असतील, त्या काढून २-२ च्या घाला. डीडीआर२ नवी मिळणं अवघड, पण पुण्यात तपकीर गल्लीत वापरलेली मिळते. घेताना ८०० मेगाहर्ट्झची बघा आणि दुकानातच लावून तपासून घ्या. मात्र विंडोज ३२ बिटची असल्याने ४ पैकी सव्वातीनच्या आसपासच वापरात येईल.

आणि पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी वेगवान डिस्क. तो लाल दिवा विझत नाही ना, ते हार्ड डिस्कचं रडणं आहे. रॅम संपली की विंडोज सामान डिस्कवर टाकतं आणि परत आणतं, आणि फिरणाऱ्या डिस्कला त्यात फार वेळ जातो. बोर्डावरचं साटा (डिस्क जोडायची जागा) जुनं, ३ गिगाबिटचं असलं तरी चालतं. १२० किंवा २४० जीबीची कुठलीही बऱ्या वॉरंटीची घ्या.

गुरुजी_माण
उशिरा येतोय, शाळेत परीक्षा होत्या. माण तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत नऊ पीसी आहेत, सगळे २००९ ते २०१२ मधले. एकदा एकाच दिवशी चारांनी मान टाकली. तेव्हा मी सगळ्यांवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत सिस्टिम घातली. २ जीबी रॅमच्यांवर अँटिएक्स, ४ जीबीच्यांवर लिनक्स मिंट, एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप असलेलं. पोरं पाचवी ते आठवीची. त्यांनी दोन दिवसांत विचारणं बंद केलं की 'स्टार्ट' कुठंय.

ताई, तुमचा ई५४०० हा ६४ बिटचा प्रोसेसर आहे. विंडोज ३२ बिटची आहे म्हणून लोकांना वाटतं मशीनही ३२ बिटचं. तसं नाही. हे महत्त्वाचं, कारण ३२ बिट लिनक्ससाठी फायरफॉक्सने १४५ पासून आवृत्त्या देणं बंद केलं. तुम्ही ६४ बिटचं मिंट घातलंत की आजचा, पूर्ण अद्ययावत फायरफॉक्स चालेल. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. विंडोज १० टाकायचा विचार कुणी सुचवेल, पण त्याचाही पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा, इन्स्टॉल न करता. आवाज येतो का, इंटरनेट लागतं का, प्रिंटर दिसतो का. शाळेच्या अनुभवावरून दोन सूचना. देवनागरी फॉन्ट तपासा. अँटिएक्ससारख्या छोट्या लिनक्समध्ये कधी मराठीच्या जागी चौकोन दिसतात, लोहित किंवा नोटो देवनागरी घातला की झालं. आणि झेडरॅम चालू करा. रॅम भरत आली की सामान डिस्कवर न टाकता रॅममध्येच दाबून ठेवतं.

मोरपंखी
पण इतक्या वयाच्या माणसाला अख्खी सिस्टिम बदलून देणं बरोबर आहे का? सासूबाईंच्या मशीनवर नुसतं चिन्ह सरकलं तरी त्या घाबरतात. नवीन शिकण्यापेक्षा त्या पीसी लावणंच बंद करतील.

गुरुजी_माण
मोरपंखीताई, अगदी योग्य शंका आहे. म्हणून त्यांचा पडदा तसाच ठेवायचा. माझ्या वडिलांना दिलं तेव्हा डेस्कटॉपवर फायरफॉक्सचं चिन्ह आधी क्रोमचं होतं त्याच कोपऱ्यात ठेवलं आणि बुकमार्क त्याच क्रमाने लावले. पार्श्वभूमीवरचा विठोबाचा फोटोसुद्धा तोच. त्यांना पहिले तीन दिवस कळलंच नाही की काही बदललंय. कळलं तेव्हा विचारलं ते एवढंच, की पत्ते कुठे गेले. पत्त्यांचा खेळ टाकून दिला.

ओसरी
आणि बदल करताना त्यांना सांगूनच करा, पाठीमागे नको. मशीन त्यांचं आहे.

खटपट्या
लिनक्स घालणार असाल तर ब्रेव्हसुद्धा बघा. जाहिराती अडवायची सोय आतच आहे, ॲड-ऑन लागत नाही. क्रोममध्ये आता यूब्लॉक ओरिजिनची पूर्ण आवृत्ती चालत नाही, फक्त लाइट चालते, पण ब्रेव्हचं स्वतःचं असल्याने त्याला फरक पडत नाही. कुठली साइट फायरफॉक्समध्ये अडली तर हाताशी असावा. दोन्ही एकदम उघडू नका इतकंच, नाहीतर ४ जीबीत दोन इंजिनं होतील.

सुतारपक्षी
हे पटलं. मुख्य फायरफॉक्स, अडीनडीला ब्रेव्ह. कुठला टॅब किती खातोय ते बघायला फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत रोमन अक्षरांत अबाउट, मग कोलन, मग प्रोसेसेस असं टंका. टॅबनिहाय मेमरी आणि प्रोसेसर दिसतो.

कुडाळची_लेक
शिमग्याला आठ दिवस घरी होते, म्हणून सगळं करून आले आणि मगच लिहितेय.

सेल बदलला, बाबांनी स्वतः टॉर्च धरला. पंख्याखालून धुळीची अख्खी गादी निघाली. तपकीर गल्लीतून वापरलेली २-२ जीबीची रॅम आणि एक २४० जीबीची एसएसडी नेली होती. जुनी डिस्क तशीच काढून कपाटात ठेवली, म्हणजे मन बदललं तर परत जाता येईल. बाबांना आधी पेनड्राइव्हवरून मिंट दाखवलं. त्यांनी एकच अट घातली, प्रिंटर चालला पाहिजे. त्यांच्याकडे एचपीचा लेझरजेट १०२० आहे. तो पहिल्या प्रयत्नात नुसताच दिसला, छापेना. शोधल्यावर कळलं की एचपीलिपचं (लिनक्सवर एचपीचे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) वेगळं प्लगइन उतरवून घ्यावं लागतं. ते घातलं आणि सातबारा छापून निघाला. तो कागद त्यांनी उजेडात धरून सगळे गट नंबर मोठ्याने वाचले.

आकडे सांगते. पीसीचं बटण दाबल्यापासून पेपर वाचायला मिळेपर्यंत पूर्वी जवळजवळ पाच मिनिटं, आता ५० सेकंद. फायरफॉक्स स्वतः ६ सेकंदांत उघडतो. चार टॅब आणि यूट्यूब चालू असताना ४ पैकी २.३ जीबी वापरात. अपडेट नियमित येतात. तरी वीजबिल आई मोबाइलवरूनच भरते, ओसरीताईंचं ऐकून.

एक प्रश्न राहिला. अक्षर मोठं केलं की पेपरच्या साइटवर ओळी पडद्याबाहेर जातात आणि बाबांना आडवं सरकवावं लागतं. यावर काही?

सुतारपक्षी
बातमी उघडल्यावर पत्त्याच्या पट्टीत उजवीकडे कागदासारखं छोटं चिन्ह येतं, वाचन दृश्याचं. ते दाबलं की फक्त मजकूर राहतो, अक्षराचा आकार, ओळींमधलं अंतर, पार्श्वभूमीचा रंग सगळं लावता येतं आणि पुढच्या बातमीलाही तसंच राहतं. मिंटवर कंट्रोल, ऑल्ट आणि आर एकदम दाबूनही होतं. सगळ्या पानांवर ते चिन्ह येत नाही, लांब लेख असला की येतं.

कुडाळची_लेक
आत्ता फोनवर सांगून करून घेतलं. फिकट पिवळी पार्श्वभूमी त्यांनी स्वतः निवडली. फोन तसाच चालू ठेवून मला अग्रलेख वाचून दाखवतायत, दुसऱ्या परिच्छेदावर आहेत.